चढायचा कंटाळा असणाऱ्यांसाठी: घरगुती रोप टो बांधण्याची कृती

सुरुवातीलाच एक खुलासा. या मार्गदर्शिकेतली एकही सूचना तुमचा वेळ, पैसा किंवा श्रम वाचवणार नाही. ज्यांना टेकडी चढायचा मनापासून कंटाळा आहे आणि तो कंटाळा जपण्यासाठी वाटेल तेवढं राबायची ज्यांची तयारी आहे, अशा कष्टाळू आळशांसाठी ती लिहिली आहे. आळस साधा असेल तर सोफ्यावर बसा. तो मार्ग स्वस्त आहे आणि त्याला इन्शुरन्स लागत नाही.

वाचक व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर किंवा तत्सम थंड राज्यात राहतो असं आम्ही धरून चाललो आहोत. नोकरीसाठी आलात, घर घेतलं, घरामागं एकर-दीड एकर उताराची जमीन मिळाली. एजंटनं तिला 'कॅरेक्टर' म्हटलं आणि तुम्ही मनात 'गवत कापायला त्रास' म्हटलंत. मग मुलं शाळेतल्या मित्रांबरोबर स्की शिकली. मोठ्या रिसॉर्टच्या खिडकीवर चौघांच्या तिकिटांचा आकडा ऐकलात, सवयीनं मनातल्या मनात त्याचे रुपये केलेत आणि परतताना गाडीत कुणी बोललं नाही. त्या रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचा उतार पाहून तुमच्या मनात जो विचार आला, त्याला इंग्रजीत रोप टो म्हणतात.

यंत्र सोपं आहे. खाली एक चाक, वर एक चाक, दोन्हींवरून फिरणारा टोकं जोडलेला अखंड दोर आणि एक चाक फिरवणारं इंजिन. स्कीवर उभं राहायचं, वर जाणारा दोर हातात धरायचा आणि घसरत वर जायचं. तुमचे सासरे सातारा-सांगलीकडचे असतील तर त्यांना हे दोन वाक्यांत कळेल, कारण विहिरीवरची मोट त्यांनी पाहिलेली असते. तिथं बैल धावेवरून उताराला चालत जातात आणि नाड्याला बांधलेलं पाणी वर येतं. इथं बैलांच्या जागी इंजिन आहे आणि पाण्याच्या जागी तुमची मुलगी. सासरे यावर एवढंच विचारतील, "पण वर जाऊन ती पुन्हा खालीच येणार ना?" या प्रश्नाला उत्तर नाही. त्यांना चहा द्या.

थोडा इतिहास माहीत असावा, म्हणजे शेजारी विचारायला आल्यावर आपण या परंपरेतले आहोत असं तोंड करता येतं. ही परंपरा घडवण्यात लॉजवाल्यांचा मोठा हात आहे. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये शोलाख गावच्या रॉबर्ट विंटरहाल्डर नावाच्या गृहस्थांच्या लॉजवर शहरातली पाहुणेमंडळी येत, टेकडी चढताना धापा टाकत आणि लवकर दमत. विंटरहाल्डरनं पाणचक्कीच्या जोरावर चालणारी लिफ्ट १९०८ साली सुरू केली. पुढं कॅनडात, क्विबेकमधल्या शॉब्रिजला, अ‍ॅलेक्स फॉस्टरनं एक जुनी मोटार ठोकळ्यांवर चढवली आणि तिच्या चाकावरून दोर फिरवला. लोकांनी त्याला 'फॉस्टरचा वेडेपणा' असं नाव दिलं आणि मग त्याच वेडेपणाला लटकून वर जाऊ लागले.

अमेरिकेतली कथा वुडस्टॉकची. व्हरमाँटमधल्या या गावात व्हाइट कबर्ड इन नावाचं लॉज होतं, रॉइस दांपत्याचं. न्यूयॉर्कहून आलेल्या तीन पाहुण्यांनी कुरकुर केली: दिवसभर चढून चढून खाली घसरायला मिळतं ते किती, तर चार-सहा वेळा. कुरकुर करून ते थांबले नाहीत, थोडे पैसेही काढून दिले. कुरकुर करणाऱ्यानं पैसेही द्यावेत, हा प्रकार आपल्याकडच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत फारसा पाहायला मिळत नाही. रॉइस यांनी क्लिंटन गिल्बर्ट यांच्या शेतातलं चराऊ कुरण मिळवलं, डेव्हिड डॉड या स्थानिक कारागिराला कामाला लावलं, १,८०० फूट दोर आणला, आणि जानेवारी १९३४ मध्ये फोर्डच्या मॉडेल टी इंजिनावर अमेरिकेतला पहिला रोप टो सुरू झाला. रूट १२ वर आज तिथं राज्याची पाटी आहे. दर्शनाला जाऊन यायला हरकत नाही. १,८०० फूट म्हणजे जाऊन-येऊन. उतार साधारण ९०० फुटांचा. तुमचा २०० फूट असेल. लाजू नका.

आता टेकडी.

टेकडी निवडण्याची संधी तुम्हाला नाही, कारण ती घराबरोबर आली आहे. पण तिचा आकार नीट पाहा. नवशिका फक्त चढ किती आहे ते बघतो. खरी गोम मधल्या भागात असते. उतार मध्येच खोलगट असेल तर ताणलेला दोर जमिनीचं ऐकत नाही, दोन टोकांमधली सरळ रेषा धरतो. म्हणजे तळाशी कमरेला असलेला दोर मध्यावर डोक्यावर जातो. मोठा माणूस वजनानं तो खाली दाबून ठेवतो. आठ वर्षांचं मूल मात्र दोराबरोबर वर उचललं जातं, आणि त्याला ते इतकं आवडतं की ते हात सोडत नाही. उलट टेकडी मध्ये फुगीर असेल तर दोर बर्फात घासतो, ओला होतो, गोठतो आणि खालचा बर्फ कापत स्वतःसाठी चर खणतो. त्यातल्या त्यात फुगीर बरी. खोलगट असेल तर खड्डा भरून काढा. त्यासाठी लागणारी माती, ती आणणारा ट्रक आणि तो ट्रक रुतल्यावर त्याला ओढणारा दुसरा ट्रक हा खर्च बर्फ पडण्याआधी करायचा असतो. ही माहिती तुम्हाला डिसेंबरमध्ये मिळते आहे याबद्दल दिलगिरी.

वरच्या टोकाला सपाट जागा हवी. भरपूर. दोर सोडल्यावर माणसाला बाजूला व्हायला जागा नसेल तर तो तिथंच उभा राहून दृश्य पाहतो आणि मागून येणारा त्याच्यावर आदळतो. सपाट जागेनंतर आणखी अंतर सोडून मगच चाक. हे अंतर किती, असं विचारू नका. तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट.

इंजिनाबद्दल पुरुषवर्गात फार चर्चा होते आणि तिची गरज सगळ्यात कमी आहे. हिशेब करून पाहा. ८० किलोचा माणूस, पाचास एक असा चढ, दोर सेकंदाला दोन मीटर. लागणारी शक्ती सव्वातीनशे वॅटच्या आतबाहेर, घर्षण धरून फार तर अर्धा-पाऊण हॉर्सपॉवर. पाच माणसं एकदम लटकली आणि दोराचं स्वतःचं ओझं धरलं, तरी गवत कापायच्या मोठ्या यंत्राचं इंजिन पुरून उरतं. मॉडेल टीची ताकद वीस हॉर्सपॉवर होती. तरीही तुम्ही जुनी पिकअप विकत घेणार, हे आम्हाला माहीत आहे. तशी घेतलीत तर मागचा भाग उचलून भक्कम ठोकळ्यांवर ठेवा. जॅकवर ठेवू नका, आणि विटांवर तर नकोच. एका बाजूचं टायर काढा म्हणजे उघड्या रिमवर दोर बसतो. आता गिअर टाकलात की तुम्हाला डिफरन्शिअलची ओळख होईल. दुसरं चाक अडवून धरलं तर दोराचं चाक दुप्पट वेगानं फिरतं. दुसरं मोकळं सोडलं तर तेच गरागरा फिरतं आणि दोराचं चाक ढिम्म. जाणकार लोक डिफरन्शिअल वेल्ड करून टाकतात. मग ती पिकअप रस्त्यावर धड वळत नाही. पण ती रस्त्यावर परत जाईल ही कल्पना घरात फक्त तुमचीच होती.

वेग कमी ठेवा. मिनेसोटातल्या बर्न्सव्हिलच्या बक हिलवर वेगवान रोप टो आहे. टेकडीची उंची जेमतेम ३०० फूट, पण दोर इतक्या झटक्यात वर नेतो की एका संध्याकाळी खंडीभर फेऱ्या होतात. लिंडसी वॉन ही ऑलिंपिक विजेती तिथंच प्रशिक्षक एरिक सेलर यांच्या हाताखाली घडली. ही हकिकत वाचून तुमच्या मनात मुलीबद्दल जे विचार आले ते बाजूला ठेवा आणि दोर सेकंदाला दोन मीटरच ठेवा.

दोर हे खरं प्रकरण. जुन्या काळी मनिला दोर वापरत. तो ताग किंवा अंबाडीचा नसतो. फिलिपिन्समधल्या अबाका नावाच्या झाडाच्या सोपटांतून तो निघतो, आणि अबाका ही केळीची सख्खी चुलत बहीण. केळीचा या धंद्याशी ऋणानुबंध दिसतो. युनियन पॅसिफिक रेल्वेचे इंजिनिअर जेम्स करन यांनी १९३६ साली आयडाहोतल्या सन व्हॅलीसाठी जगातली पहिली चेअरलिफ्ट आखली, ती जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या आकड्यांच्या यंत्रावरून. घडाच्या जागी खुर्ची, एवढाच बदल. हे जळगावात कुणाला सुचलं नाही याचं कारण बर्फाचा अभाव, बुद्धीचा नव्हे.

एक इंच जाडीचा मनिला दोर शंभर फुटाला २७ पौंडांच्या आसपास भरतो, आणि तोही कोरडा. भिजला की किती, ते तो खांद्यावर घेतलेल्या माणसाला विचारावं, पण तो बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो. हल्ली कृत्रिम धाग्याचे दोर मिळतात. ते पाणी कमी पितात, मात्र हातातून सुळकन घसरतात. काहीही घ्या, लांबी मोजताना उताराची दुप्पट, वर सांध्यासाठी आणखी पंधरा-वीस फूट. सांधा म्हणजे गाठ नव्हे. गाठ चाकावरून जात नाही, आणि गेलीच तर तुमच्या मुठीतून जाते. दोन्ही टोकांचे पेड उसवून ते एकमेकांत लांबवर विणायचे, जाडी वाढू न देता. ही विद्या अवगत असलेला माणूस बंदरावर सापडतो किंवा एखाद्या म्हाताऱ्या व्हरमाँटी शेतकऱ्याच्या रूपानं शेजारीच राहत असतो. तो येईल, तुमचा सांधा पाहील, काहीच बोलणार नाही, आणि स्वतः बसून तो पुन्हा करील. त्याला पैसे विचारू नका. पुरणपोळ्या पाठवा. तो त्या मेपल सिरप ओतून खाईल, आणि आपण मनातून हळहळायचं पण तोंडातून शब्द काढायचा नाही.

आता गांभीर्यानं वाचायचा परिच्छेद. पिळाचा दोर ताणला गेला की चालता चालता स्वतःभोवतीही फिरत राहतो. त्यामुळं जे काही लोंबतं ते तो गुंडाळून घेतो: मफलर, ओढणी, वेणी, जॅकेटच्या नाड्या, हातमोज्याच्या दोऱ्या. गुंडाळलेला माणूस हात सोडूनही सुटत नाही आणि वर चाक त्याची वाट पाहत असतं. रोप टोवरचे वाईट अपघात असेच झाले आहेत. म्हणून उतरायच्या जागेच्या पुढं आणि चाकाच्या बऱ्याच आधी, वाटेवर आडवी एक बारीक तार ताणायची. तिला काहीही लागलं की इंजिन बंद. तारेतून वीज वाहत असताना इंजिन चालेल आणि तार तुटली, निखळली किंवा उंदरानं खाल्ली तरी बंद पडेल, अशी जोडणी हवी, उलटी नको. दर दिवशी पहिली फेरी होण्याआधी ती तार काठीनं पाडून बघायची. शिवाय खाली एक मोठा माणूस बंद करायच्या बटणाशी उभा. त्यानं फोन पाहायचा नाही. घरात असा माणूस नसेल तर रोप टो बांधू नका, घसरगुंडी घ्या. आपण बाराशे रुपयांचं मिक्सरचं भांडंही झाकण घट्ट बसवल्याशिवाय चालू करत नाही.

दोर धरायची रीत. तळाशी स्की वरच्या दिशेला सरळ करून उभं राहा. जाडजूड चामड्याचे हातमोजे घाला; लोकरीचे घातलेत तर तिसऱ्या फेरीला त्यांची लोकर दोराला मिळालेली असेल. चालता दोर एकदम गच्च धरायचा नाही. नवशिका धरतो, आणि त्याचे हात टेकडीवर जातात, बाकीचा तो मागून तोंडावर येतो. मुठीतून दोर घसरू द्या, हळूहळू आवळत न्या, वेग जुळला की पकड घट्ट. एक हात पुढं, दुसरा पाठीमागं नेऊन तिथून दोर धरा म्हणजे खांदे वाचतात. पडलात तर ताबडतोब सोडा आणि लोळत वाटेबाहेर जा. पडल्यावरही स्वाभिमानानं दोर धरून ठेवणारी माणसं असतात. ती पोटावर वर पोचतात, आणि ती बहुधा व्यवस्थापक असतात.

कायद्याचं थोडक्यात. माणसं वाहणाऱ्या दोरयंत्रांसाठी अमेरिकेत बी ७७.१ नावाचं मानक आहे, आणि त्यात चेअरलिफ्टबरोबर रोप टोही येतात. घरच्यांपुरतं केलं तर नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. नगरपालिकेत जाऊन विचारा. एक गोष्ट मात्र सगळीकडं सारखी: कुणाकडून डॉलरभर जरी घेतलात तरी तुम्ही 'घरचे' उरत नाही. मराठी मंडळाच्या संक्रांतीला येणाऱ्या साठ माणसांना 'या एकदा आमच्याकडं' म्हणण्याआधी इन्शुरन्सवाल्याला फोन करा आणि तो हसून होईपर्यंत थांबा.

हसण्याला इतिहास आहे. १९७४ साली व्हरमाँटच्या स्ट्रॅटनमध्ये एक नवशिका स्कीअर वाटेवरच्या झुडपात अडकून पडला आणि जन्माचा अपंग झाला. ज्यूरीनं त्याला पंधरा लाख डॉलर दिले, १९७८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. त्याच वर्षी व्हरमाँटनं कायदा केला की खेळातले उघड आणि अंगभूत धोके खेळणाऱ्यानं पत्करलेले असतात. पण इन्शुरन्सचे हप्ते तोवर चढले होते, आणि त्यांना खाली आणणारा दोर कुणी शोधलेला नाही. शेतकऱ्यांच्या कुरणांवर, शाळांच्या मागं, गावाच्या क्लबांनी चालवलेले असे शेकडो टो न्यू इंग्लंडमध्ये होऊन गेले आणि बंद पडले. हप्ते, बर्फ न पडलेले हिवाळे आणि मोठ्या रिसॉर्टच्या चेअरलिफ्टा, तिन्हींनी मिळून. त्यांची नोंद ठेवणारी एक संस्थाच आहे. जंगलात फिरताना अजूनही झाडीत गंजलेलं मोटारीचं रिम खांबाला टांगलेलं दिसतं. तुमच्या मुलाला ते दाखवून 'हे काय असेल' असं विचारू नका, त्याला माहीत असतं.

काही तग धरून आहेत. व्हरमाँटमधल्याच ईस्ट कॉरिंथ या खेड्यात नॉर्थईस्ट स्लोप्सचा टो १९३६ पासून आहे, आणि तो गावकरी स्वयंसेवक चालवतात. 'बीटलजूस' या सिनेमातलं गाव म्हणून ज्यांनी ईस्ट कॉरिंथ पाहिलं असेल त्यांनी भुतांच्या पलीकडं जाऊन टेकडीही पाहावी. आणि तुमच्या कुटुंबात विरोध फार असेल तर शेवटचं हत्यार म्हणून रिचमंडच्या कॉकरन कुटुंबाचं उदाहरण काढा. मिकी आणि जिनी कॉकरन यांनी १९६१ साली घरामागच्या उतारावर ४०० फुटांचा रोप टो लावला, शाळेतून आल्यावर मुलांना सराव करता यावा म्हणून. मिकी पेशानं इंजिनिअर, म्हणजे आपल्यातलेच. चारही मुलं अमेरिकेच्या संघात गेली. बार्बरा अ‍ॅननं १९७२ मध्ये साप्पोरोला स्लालमचं सुवर्ण जिंकलं, सेकंदाच्या दोन शतांशांनी. तिचा भाचा रायन यानं २०२२ मध्ये बीजिंगला सुपर-जी शर्यतीत रौप्य मिळवलं. हे सांगताना जेवणाच्या टेबलावर क्षणभर शांतता पसरेल. मग तुमची बायको म्हणेल, "त्यांचा टो चालू तरी होता." उत्तर देऊ नका, बाहेर जाऊन कार्ब्युरेटर साफ करा.

सगळं जमलं, तार तपासली, शेजारी येऊन मान हलवून गेला, आता पहिली फेरी. पहिला मान मुलांना देऊ नका, स्वतः जा. दोनशे फूट, म्हणजे एकसष्ट मीटर, सेकंदाला दोन मीटर: अर्ध्या मिनिटात वर. खाली यायला त्याहून कमी. तेच अंतर स्की खांद्यावर टाकून चालत गेलात तर तीनेक मिनिटं लागतात. म्हणजे दर फेरीला अडीच मिनिटांची बचत. टो बांधायला गेलेले शनिवार-रविवार या बचतीनं भागायचे तर किती फेऱ्या लागतील, तो हिशेब सासऱ्यांनी वहीत करून ठेवलेला असतो. वही मागू नका.

एप्रिल लागला, चिखलाचे दिवस सुरू झाले, की दोर लगेच उतरवा. बर्फ वितळताना तो जमिनीवर राहिला तर कुजतो. सुकवून, मोठी वेटोळी घालून गॅरेजमध्ये जमिनीपासून उंच टांगा, उंदरांचा हात पोचणार नाही असा. चारशे फूट दोर गाडीची जागा खातो. गाडी बाहेर राहू द्या. तिला नाहीतरी मागचं एक टायर नाही.